गावठी कोंबडीचे अभिप्राय

एकतीस वर्षं मी मोखाडा तालुक्यातल्या पोरांना सुया टोचल्या. निवृत्त झाल्यावर मला टोचणारं कोणीतरी भेटलं. संपादकांनी 'नोकरीतले थरारक प्रसंग' मागितले होते. विंचू, पूर आणि जीप बंद पडणं हे आमच्याकडे थरारात धरत नाहीत, हजेरीत धरतात. तेव्हा थरार बाजूला ठेवते आणि एका कोंबडीने मला माझ्याच नोकरीबद्दल काय शिकवलं ते सांगते.

मी आरोग्य सेविका होते. ज्यांनी उपकेंद्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा, लसीचा एक डबा आणि हाताखाली सात पाडे. पाडा म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती, आणि दोन पाड्यांच्या मध्ये एक डोंगर असतोच, तशी पद्धतच आहे. लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई. नर्स म्हणजे रजिस्टर. सुई टोचायला दोन सेकंद लागतात, ती टोचली असं लिहायला दहा मिनिटं. गरोदर बायांचं रजिस्टर, बाळंतपणाचं रजिस्टर, लसींचं रजिस्टर, आणि रजिस्टरं किती आहेत त्याचं एक रजिस्टर.

या नोकरीत शिव्या खायची विद्या आपोआप येते. लस दिली की पोराला ताप येतो, तो यायलाच हवा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोराची आजी दारात उभी. 'माझा पोर हसतखेळत होता, तुझ्या सुईनं झोपवला' इथून सुरुवात करून ती माझ्या माहेरापर्यंत पोचायची. नव्या नर्सा अशा वेळी एकतर भांडतात किंवा रडतात. जुन्या नर्सा शांतपणे विचारतात, "जागा सुजली का?" मग, ताप कधीपासून? दूध पितो का? गोळी दिली का? चौथ्या प्रश्नाला शिव्या थांबतात, कारण माणसाला शिवी आणि उत्तर एकदम देता येत नाही. आणखी एक गोष्ट जुन्या नर्सांना माहीत असते. रडणाऱ्या पोराची काळजी नसते. गप्प पडलेल्या पोराची असते.

निवृत्तीनंतर मी जव्हारला घर केलं आणि मोबाइलवर गोष्टी लिहायला लागले. कथा टाकायची एक साइट आहे. तिथे कोणीही लिहितं, कोणीही वाचतं, आणि कोणीही स्वतःचं नाव न सांगता खाली अभिप्राय देतं. माझ्या मालिकेचं नाव 'सिस्टरच्या गोष्टी'. गोष्टी म्हणजे नोकरीतलेच प्रसंग, थोडं मीठमसाला लावून. मीठ किती, हा पुढचा विषय आहे.

पहिला टोला एका 'अज्ञात वाचका'चा आला. "शेवटी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. वेळ वाया गेला." मला एकदम उपकेंद्राचं दार आठवलं. मी लिहिलं, "आपली तक्रार नोंदवली आहे. पहिल्या डोसनंतर रडू न येणे सर्वसाधारण आहे. भरपूर पाणी प्यावे. दुसरा डोस पुढच्या बुधवारी." त्यांनी रागावून लिहिलं की विनोदावर नेऊ नका. मी विचारलं, जागा सुजली का?

मग चटकच लागली. कोणी 'परखड' म्हणाले, ही कथा आहे की आरोग्य खात्याची जाहिरात? मी लिहिलं, जाहिरात असती तर भिंतीवर गेरूने रंगवली असती आणि तिच्याखाली बकरी बांधलेली असती. कोणी 'एक पुरुष' म्हणाले, बाळंतपणाशिवाय तुम्हाला दुसरा विषय नाही का? मी कळवलं की आहे, कुटुंब नियोजन, आपलं नाव नोंदवू का? त्या पुरुषाने पुन्हा तोंड दाखवलं नाही. एका बाईंनी तर सरळ लिहिलं की सिस्टर, मी आधी तुमची उत्तरं वाचते, वेळ उरला तर कथा. लेखिका म्हणून याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी फुगले.

अशात ती आली. नाव 'गावठी कोंबडी', नावाशेजारी तांबड्या कोंबडीचा फोटो. पहिलाच अभिप्राय: "त्या घरात खाट नव्हती."

गोष्टीतली बाळंतीण मी खाटेवर झोपवली होती, हे खरं. मी उत्तर दिलं, "खाट वाचकांच्या सोयीसाठी आणली आहे. कथा संपल्यावर परत नेण्यात येईल." लोक हसले. पुढच्या गोष्टीत मी छातीएवढ्या पाण्यातून लसीचा डबा डोक्यावर धरून नदी ओलांडली. कोंबडी म्हणाली, "पाणी गुडघ्याला होतं. डबा काखेत होता." मी म्हटलं, माझी उंची कमी आहे, कोंबडीला पाणी कुठवर आलं ते कळवावं. तिसऱ्या गोष्टीत मी झाडफूक करणाऱ्या एका भगताला चार खडे बोल सुनावले होते. कोंबडीने लिहिलं, "भगताला तुम्ही काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन गेल्या." मी लिहिलं की चहा औषधी होता.

वाचकांना मजा येत होती. मला मात्र आता खाज सुटायला लागली होती. बाकीच्यांचे अभिप्राय म्हणजे मतं होती, आणि मताला चार प्रश्न विचारून घरी पाठवता येतं. कोंबडी मत देतच नव्हती. ती पाहिलेलं सांगत होती आणि नालायक, दर वेळी बरोबर सांगत होती.

मग मी 'पहिला टाहो' लिहिली. पोशेऱ्याच्या वरचा एक पाडा, ऐन आवणीचे दिवस, म्हणजे भाताची लावणी चाललेली. जीप फाट्यावर अडकली, मी चिखल तुडवत पोचले. घरात खाटेवर बाई अडलेली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा, बाळ निळं पडलेलं. मी वेढा सोडवला, बाळाला पाय धरून उलटं केलं, पाठीवर दोन फटके दिले, आणि त्याने टाहो फोडला. ही गोष्ट वाचून माणसं खरोखरच रडली, अज्ञात वाचकसुद्धा. नाशिकच्या एका प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक काढू म्हणाले, पहिली कथा हीच, आणि मुखपृष्ठावर बाळ झेलणारे दोन हात. चित्र नको, खुद्द सिस्टरच्या हातांचा फोटो द्या. मी जव्हारच्या स्टुडिओत जाऊन हातांचा फोटो काढून घेतला. जाण्याआधी दोन दिवस हातांना मलई चोळली, हेही सांगून टाकते.

त्या गोष्टीतलं बाळ आज पंचविशीचं आहे. रमेश त्याचं नाव, मोखाडा ते पोशेरा जीप चालवतो. मी दिसले की पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवतो आणि सगळ्या जीपला सांगतो, "ह्या सिस्टरनी मला जन्माला घातलं. म्हणजे घातलं आईनंच, पण जिवंत ह्यांनी केलं." त्याची आई त्या वेळी शुद्धीवर नव्हती. तिला जे आठवतं ते मी सांगितलेलं.

तर त्या कथेखाली कोंबडीने लिहिलं, "हात तुमचे नव्हते."

मी लिहिलं, "दोन्ही हात तपासले. माझेच आहेत. उजव्यावरचा डाग भाकरीचा आहे." त्या उत्तराला जेवढे हसरे चेहरे आले तेवढे मला कुठल्याच कथेला आले नव्हते.

आणि कोंबडी गप्प झाली. पुढच्या गोष्टीला आली नाही, त्याच्या पुढच्या गोष्टीला नाही. मी मुद्दाम एका कथेत दोन खाटा घातल्या. तरी आली नाही. मला झोप लागेना. गप्प पोराचं मी वर सांगितलंच आहे.

शेवटी तापाचा तक्ता मांडतात तसे मी तिचे सगळे अभिप्राय तारीखवार मांडले. एकूण एक मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी आलेले, तेही अकरा ते दोनच्या मध्ये. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. बाजाराला आलं की मोखाड्याच्या स्टँडवर फोन जागा होतो. म्हणजे कोंबडी डोंगरावरून येत होती. पाड्यावर सतत हातात फोन असलेलं माणूस म्हणजे आशाताई, तिला कामासाठी तो लागतो. तिथली आशाताई म्हणजे सेवंती. पण ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सेवंती दुसऱ्याच गावी शाळेत असणार. त्या घरात तेव्हा तीनच बाया होत्या. बाळंतीण, जी शुद्धीवर नव्हती. तिची सासू, जी आता नाही. आणि पाड्यावरची सुईण ठकीबाई. सेवंती ठकीबाईची सून.

आमच्याकडे बोहाड्यात माणसं देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात. पायांवरून, चालीवरून आत कोण आहे ते सगळ्या गावाला कळतं. पण मुखवटा डोक्यावर आहे तोवर त्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, असं माझ्या आईने शिकवलं होतं. तेव्हा कोंबडी कोण, हे मी या लेखात लिहिणार नाही.

मी वही काढली. माझी एक सवय होती. रजिस्टर जमा करण्याआधी प्रत्येक बाळंतपण मी माझ्या वहीत उतरवून ठेवायची, आणि गोष्टी लिहायच्या त्या वहीवरून. वहीत स्पष्ट लिहिलं होतं, प्रसूती करणार: आरोग्य सेविका. माझं अक्षर, माझी सही. ते अक्षर बघत बसले आणि मला ताट वाजवल्याचा आवाज आठवला.

खरं असं होतं. मी पोचले तेव्हा आतून पितळी ताट बडवल्याचा आवाज येत होता. बाळ रडत नसलं की जुन्या बाया त्याच्या कानाशी ताट वाजवायच्या. मी अंगणात होते. पाय चिखलाने भरले होते आणि असल्या पायांनी आत जायचं नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पहिला टाहो ऐकला तेव्हा मी पाय धूत होते.

मग रजिस्टरात माझं नाव का? तर त्या काळात घरच्या बाळंतपणासाठी रकाना असायचा, प्रशिक्षित की अप्रशिक्षित दाई. ठकीबाईने अर्ध्या पाड्याची बाळंतपणं केलेली, पण दायांचं प्रशिक्षण निघालं तेव्हा तिची आवणी चालू होती, ती गेली नाही. म्हणजे ती अप्रशिक्षित. अप्रशिक्षित लिहिलं की महिन्याच्या बैठकीत मला उभं करणार आणि ठकीबाईला बोलावून दम देणार. म्हणून मी तिला म्हटलं, मावशी, माझं नाव लिहिते, तुला त्रास नको. ती म्हणाली, लिव, पोर जगलं ना. आम्ही सगळ्याच नर्सा तसं करायचो, चांगल्या मनानेच करायचो. पण रजिस्टरात लिहिलेलं दर महिन्याला वाचलं, बेरजेला धरलं, वहीत उतरवलं, की वीस-पंचवीस वर्षांत ते खरं होऊन बसतं. गोष्टीत मी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. मी माझ्याच रजिस्टरावर विश्वास ठेवला होता. लाज वाटायची ती वाटलीच, आणि मलई आठवून जास्त वाटली.

पुस्तक छापायला जायला पंधरा दिवस होते. एकदा छापलं की रजिस्टरासारखंच, मग पुसता येत नाही. मी मोखाड्याहून रमेशचीच जीप धरली. तो पुढच्या माणसाला उठवायला लागला तेव्हा मी म्हटलं, बसू दे त्याला. तो चमकला.

ठकीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण बोटं अजून बघतात. सेवंती मला पाहून उभी राहिली, फोन पदराखाली घेतला आणि चहा ठेवते म्हणून आत पळाली. मी खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या. पाऊस, वाल, गुडघे असं सगळं बोलून झालं. मग मी म्हटलं की मोबाइलवर मी गोष्टी लिहिते, आणि तिथे एक कोंबडी येते.

ठकीबाईने शेंग सोडली नाही. "लई टोचते का गो बाय?"

"टोचते."

"खरं टोचते का खोटं?"

"खरं टोचते, मावशी."

आत चहाच्या भांड्याचा आवाज बंद झाला होता. मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुझं नाव खाल्लं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हीची उत्तरं मी वाटेत तयार केली होती. ती तिसरंच बोलली.

"नावाचं काय घेऊन बसलीस? नाव तूच लिवलंस, मीच लिव बोलले. पण तू पोराला फटके मारलेस. पाय धरून, कोंबडं धरतात तसं." तिने हातातली शेंग सुपात टाकली. "माझ्या हातानं मी एका पोराला फटका मारला नाय. एकाला नाय. नाव तुझं राहू दे बाय, पण काम माझं नीट लिव."

एकतीस वर्षांत मला कोणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. पोराला उलटं करून फटके मी कुठून आणले? सिनेमातून आणले असणार. मी स्वतः नोकरीत कधी असं केलं नव्हतं, करू नये असं शिकवलेलं. पण गोष्टीत ते चांगलं दिसलं.

मी म्हटलं, मग सांग, मी लिहून घेते. ती म्हणाली, सांगून काय कळतंय, दाखवते. आजूबाजूला बाळासारखं काही नव्हतं, म्हणून तिने माझी पर्स घेतली. पर्सचा पट्टा पर्सच्याच अंगाभोवती गुंडाळला, एक बोट पट्ट्याखाली सरकवलं आणि ओढाताण न करता तो हलकेच वरून काढला. पर्स पालथी हातावर घेतली, डोकं खाली, हनुवटी दोन बोटांवर. पदराने तोंड पुसलं. मग दुसऱ्या हाताने पर्सची पाठ चोळायला लागली, खालून वर, खालून वर, आणि काहीतरी पुटपुटत राहिली. सेवंती चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. मला विचाराल तर पर्सने श्वास घेतला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

"काय बोलत होतीस गो तेव्हा?" मी विचारलं.

"ये बोलले. दुसरं काय बोलणार? ये, ये, आवणी चाललीय, हात कमी हायत."

मी विचारलं, तुझं नाव घातलं तर चालेल का? ती म्हणाली, घाल, आता मला कोण बैठकीला बोलवतंय. निघताना सेवंतीने मला फाट्यापर्यंत सोडलं. फाट्यावर म्हणाली, मी फक्त टाइप करते हो सिस्टर. मी विचारलं, काय टाइप करतेस? ती म्हणाली, लसीकरणाची माहिती. हुशार पोरगी आहे.

परतीला जीपमध्ये मी मोखाड्याला पोचेपर्यंत थांबले, कारण रमेशच्या हातात स्टिअरिंग होतं. स्टँडवर गाडी उभी राहिल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काच पुसत राहिला. पुसून झालेलीच काच होती.

मग विचारलं, "तुम्ही मग काय केलं, सिस्टर?"

"वजन केलं," मी म्हटलं. "दोन किलो शंभर."

गोष्ट मी पुन्हा लिहिली. टाहो ऐकला तेव्हा सिस्टर अंगणात पाय धूत होती, हे त्यात आहे. प्रकाशक म्हणाले, अहो, मग नायिका कोण? आणि मुखपृष्ठावर तुमच्या हातांचा फोटो बसवून झालाय. मी सांगितलं की हात बदला. सेवंतीने ठकीबाईच्या हातांचा फोटो काढला आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर पाठवला. नखांत वालाच्या शेंगांचं हिरवं आहे. प्रकाशकांनी ते पुसू का विचारलं. मी नको म्हटलं.

साइटवर जुनी गोष्ट काढून मी नवी टाकली. वाचकांचा हिरमोड झाला. अज्ञात वाचकांनी लिहिलं, पहिली जास्त चांगली होती, या वेळी रडू आलं नाही. मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. परवाच्या बाजाराला रमेशने ठकीबाईला पुढच्या सीटवर बसवून मोखाड्याला आणलं. मी स्टँडवर भेटले. परत पोशेऱ्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले, मागच्या सीटवर, पायाशी बाजारातल्या कोंबड्यांची टोपली घेऊन. सेवंती माझ्या शेजारी होती. स्टँड सुटायच्या आधी तिने दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं. लसीकरणाची माहिती असणार.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. गावठी कोंबडी, कित्येक बाजारांनंतर. "आता बरोबर. पण खाट अजून आहे."

ती राहिलीच होती. पुस्तक तोवर छापायला गेलेलं, म्हणजे खाट आता कायमची. जुनं रजिस्टरही कुठल्याशा कपाटात आहे, त्यात मला हात लावता येणार नाही. म्हणून जिथे लावता येतो तिथे लावते आणि ती नोंद इथे दुरुस्त करते.

ठिकाण: घर. खाट: नव्हती. बाळ: मुलगा, दोन किलो शंभर. फटके: नाहीत. प्रसूती करणार: ठकीबाई. आरोग्य सेविका: अंगणात.